मेथ्यांचा वास

जिन्यात मेथ्यांचा वास आला आणि माझी पायरी चुकली. पडले नाही, कठडा धरला. मागून शेजारच्या लताबाईंची नात धावत वर आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत राखाडी लगद्याने माखलेले होते, लगदा वाळून त्याला तडे गेले होते, आणि भिंतीला लागू नयेत म्हणून तिने ते अंगापासून लांब धरले होते. "काकू, आम्ही टोपली केली," असं ओरडून ती पुढे गेली. तिच्या मागून माझी मृणाली शांतपणे एकेक पायरी चढत आली. गळ्यात पाण्याची बाटली, वेण्या जागच्या जागी, फ्रॉकला सुरकुती नाही. दारात मी रोजच्यासारखं म्हटलं, "हात बघू." तिने आधी तळवे दाखवले, मग हात उलटे केले. नखंसुद्धा साफ. "शाबास," मी म्हटलं, कारण ते तोंडात बसलेलंच आहे. आणि मग काय वाटलं कोण जाणे, मी तिचे हात नाकाशी नेले. साबणाचा वास आला. आमच्या घरातल्या साबणाचा नव्हे. दोघी सुट्टीतल्या एकाच वर्गाहून आल्या होत्या, एकीच्या हातांना मेथ्यांचा वास आणि दुसरीच्या हातांना परक्या साबणाचा.

एखादी आई एवढ्याने खूश झाली असती. मी झाले नाही. मी लॅबमध्ये काम करते. जळगावच्या उन्हाळ्यात सकाळची उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी गर्दी ओसरली की दोन घास खायला घरी येते आणि पुन्हा जाते. आमच्या कामात काचपट्टीवर काही दिसलं नाही तर आम्ही माणूस निरोगी आहे असं लिहीत नाही, 'आढळलं नाही' असं लिहितो. मृणालीच्या हातांवर काही आढळलं नाही. ते का आढळलं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो मग निघेना. मी तिला वरणभात कालवून देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू पण टोपली केलीस का?" "टीचरने केली," ती म्हणाली. "बाकीच्यांनी?" "त्यांनी पण केली." "मग तू काय केलंस?" तिने घास गिळला आणि म्हणाली, "मी कागद फाडले." माझ्या हातातला चमचा ताटाला लागून वाजला. कूलरपुढे खाटेवर माझी माय पडली होती. उन्हाळ्याचे दोन महिने ती धरणगावहून आमच्याकडे येते. तिने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मी कागद फाडले. हे वाक्य मी ऐकत नव्हते, मी ते ओळखत होते. धरणगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेबाबाई राहायची. उन्हाळा लागला की ती जुनी वर्तमानपत्रं घमेल्यात भिजत घालायची, दुसऱ्या घमेल्यात मेथ्या, आणि दोन्ही एकत्र कुटून त्याचा लगदा करायची. मेथ्यांनी लगदा चिकट होतो आणि टोपलीला कीड लागत नाही. पातेलं पालथं घालायचं, त्याच्यावर ओलं फडकं, फडक्यावर लगदा थापायचा, अंगणात वाळवायचा, आणि खडखडीत वाळला की पातेलं काढून घ्यायचं, टोपली तयार. गल्लीतल्या सगळ्या पोरी तिच्या अंगणात थापायला बसायच्या. मीही जायची. बेबाबाई माणूस वाईट नव्हती, हेच तर अवघड आहे. मला पाहिलं की तिचा चेहरा फुलायचा, ती माझ्यासाठी रद्दीचा गठ्ठा बाजूला काढून ठेवायची आणि म्हणायची, "तू कागद फाड माय. लगदाले हात नको लाऊ, तुना हात खराब व्हतीन." मला वाटायचं, माझे कपटे सगळ्यांत बारीक असतात म्हणून हे काम माझं. मी मन लावून फाडायची. दोंडाईच्याहून तिची नणंद आली होती तेव्हा वाळत घातलेल्या टोपल्या बघत ती माझ्यासमोरच बेबाबाईला म्हणाली, "हिना हात नही ना लागना? भाकरी ठेवनी शे टोपलीमा." आणि बेबाबाई म्हणाली, "नही वो, ती फक्त कागद फाडस." नणंदेचं समाधान झालं. मी हातातला कागद तसाच पुढे फाडत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले, ते आजही सांगता येत नाही. मायला मात्र यातलं काही सांगितलं नाही. ती संध्याकाळी मजुरीवरून आली की आधी माझे हात धरायची, अगदी तोंडाजवळ नेऊन बघायची, तिची नजर तेव्हापासूनच अधू असावी, आणि मग न बोलता मोरीवर नेऊन खसाखसा धुवायची. सकाळी शाळेला निघताना तर वेणीपासून टाचेपर्यंत तपासणी. "लोके पह्यले आपला हात देखतस, मंग तोंड," ती म्हणायची. ते मी शिकले, आणि मृणालीला शिकवलं.

आता प्रश्न असा की हे इथे, इतक्या वर्षांनी, कोणी सुरू केलं. वर्ग घेते ती मिसबाह, मागच्या गल्लीतल्या गादीवाल्या शकीलभाईंची बायको. तिने चित्रकलेचा कोर्स केला आहे आणि सुट्टीत ती ओसरीवर मुलांना बसवून कागदाची फुलं, चिंध्यांच्या बाहुल्या, आगपेट्यांची घरं असलं काहीबाही शिकवते. गादीच्या दुकानातला उरलेला कापूस आणि कापड मुलांच्या कामी येतं. तिला आमचं काय माहीत असणार? आणि माहीत असलं तरी तिला काय त्याचं? मग कोणीतरी सांगितलं असणार. कोणी, याचं उत्तर माझ्या मनाने लगेच दिलं. लताबाई. बिल्डिंगमधल्या मुलांना तिथे धाडायची कल्पना त्यांचीच. आमच्या बैठकीत बुद्धाची तसबीर आहे, ती पाहून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "छान शांत वाटतं हो तुमच्याकडे." तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवून आहे. त्या माझ्याकडून वाटी नेतात तेव्हा परत करताना घासून देतात; चांगली सवय म्हणायची की घरी नेल्यावर आधी घासून घेतात? संक्रांतीला तिळगूळ द्यायला आत आल्या, पण बसल्या नाहीत. दिवाळीचा फराळ त्यांनी आणला, आम्ही दिलेला केक मात्र कामवाल्या बाईच्या पिशवीत दिसला. तो केक त्यांना मधुमेह आहे म्हणूनही दिला असेल. त्यांचा रिपोर्ट माझ्याच हातून गेला होता, साखर भरपूर होती. हे सगळं मला कळतं. पण संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा वागत नाही, थेट स्वयंपाकघरात जातो आणि एकेक डबा उघडून बघतो.

त्या संध्याकाळी मी प्रशीलला फोन लावला. माझा नवरा धुळ्याला पाटबंधारे खात्यात आहे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला सगळीकडे जंतू दिसतात. पोरगी स्वच्छ आली, तर त्याचाही त्रास?" मी म्हटलं, "बाकीची सगळी माखून येतात आणि ही एकटी धुतल्यासारखी. तुला काहीच वाटत नाही?" तो जरा थांबला. त्यालाही वाटलं होतं, ते त्या थांबण्यातून मला कळलं. मग म्हणाला, "तर मग सरळ विचार ना तिला." सरळ विचारायला काय जातं? पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि आमच्या लोकांना मिळणारी उत्तरं फार गोड असतात, तुझे हात खराब होतील अशी. शिवाय माझी मुलगी आपणहून काही सांगत नव्हती. मी तिला खोदून विचारलं, "तू कुठे बसतेस?" "पाटावर." "बाकीचे?" "खाली." "पाणी?" "माझ्या बाटलीतलं." तिला हे सगळं सांगताना काहीच वाटत नव्हतं, उलट पाटावर बसते याचा थोडा अभिमानच होता, आणि तोच मला सहन होईना. मलाही अभिमान वाटायचा, माझे कपटे बारीक असायचे म्हणून. मला एकच ठरवायचं होतं, तिला उद्यापासून घरी ठेवायचं की आधी त्यांच्या तोंडावर बोलून मग घरी ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून लवकर निघाले आणि घरी न जाता मागच्या गल्लीत वळले. ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. शकीलभाईंच्या ओसरीला हिरव्या जाळीचा पडदा लावला होता. बाहेरून आतलं दिसत होतं, आतून बाहेरचं दिसलं नसावं. मी उभी राहिले. चोरासारखं उभं राहणं मला शोभत नव्हतं, हे कळत होतं, तरी राहिले. मध्ये मोठं घमेलं, भोवती पोरांचं कोंडाळं, कोणी थापतंय, कोणी एकमेकांच्या नाकाला लावतंय. लताबाईंची नात तर लगद्यातच बसायची बाकी होती. आणि त्या कोंडाळ्यापासून दोन हात लांब, भिंतीजवळ, पाटावर माझी मुलगी. मांडीवर वर्तमानपत्र. ती कागद फाडत होती, बारीक, एकसारखे कपटे, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. फाडून झालेले कपटे मिसबाह येऊन घमेल्यात घेऊन जाई, मृणालीला उठू देत नसे. मग मृणाली स्वतःच उठली आणि नळाकडे गेली. तिथे एका वाडग्यात साबणाचे उरलेसुरले तुकडे होते, आणि त्यांच्यापासून वेगळ्या, कोऱ्या बशीत एक नवी गुलाबी वडी. मृणालीने गुलाबी वडी घेतली. कोणाला सांगावं लागलं नाही. तिला ठाऊक होतं आपली कोणती ते. वेगळा पाट, वेगळं काम, वेगळा साबण, आणखी काय पुरावा हवा? मी पडदा सारून आत गेले.

मिसबाहने मला पाहिलं आणि ती दचकली नाही. ओढणी सारखी करून उभी राहिली, जणू मी येणार हे तिला माहीत होतं. आतल्या दाराशी तिची सासू हुस्नबानो तांदूळ निवडत बसली होती, तिचे हात थांबले. मी ठरवून आलेलं सगळं भाषण विसरले आणि एवढंच म्हणाले, "हिला लगद्याला हात का लावू देत नाही तुम्ही?" "आम्ही?" मिसबाह म्हणाली. मग मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून जवळ आली आणि हळू बोलली, "ताई, मी पहिल्या दिवसापासून विचार करते, तुमच्याशी बोलावं की नाही. तीच हात लावत नाही. आमच्या घरातल्या कशालाच लावत नाही. पाणीसुद्धा तुमचं घरचं पिते. मी एकदा तिचा हात धरून लगद्यात ठेवायला गेले, तर तिला रडायला आलं. मी समजले, घरून सांगितलेलं असेल. हरकत नाही म्हटलं, सगळ्यांचं आपापलं असतं. सतरंजी आमची वापरातली, म्हणून पाट दिला. आमचे साबण हातात घेईना, तुकड्यांकडे बघत उभी राहायची, म्हणून तिच्यासाठी नवी वडी आणली. तिला कमी वाटू नये म्हणून कागद फाडायचं काम दिलं, ते कोरडं असतं." आतून हुस्नबानो म्हणाली, "बच्ची है, रहने दे. जबरदस्ती मत कर किसी पे." तिचा आवाज रागाचा नव्हता. लोकांच्या असल्या टाळण्याची तिला सवय होती, असा आवाज होता.

मी हे काय ऐकते आहे ते मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे इतके दिवस ही बाई मला बेबाबाई समजत होती. मी घरात बसून तिच्यावर संशय घेत होते आणि ती इथे ओसरीवर बसून माझ्यावर. ती मला शिवाशीव पाळणारी बाई समजून माझ्या मुलीपुढे नवा साबण ठेवत होती, आणि मी त्या साबणावरून तिचा निवाडा करत होते. मला आधी राग आला, हिने असं समजावंच कसं, आम्हाला, आम्हाला? मग त्या रागाची लाज वाटली. "आमच्यात असं काही नसतं," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले होते, भाड्याने घर बघताना, लग्नाच्या पंगतीत, कॉलेजच्या मैत्रिणींच्या घरी, आणि एकदाही मी ते खरं मानलं नव्हतं. आता ते माझ्या तोंडून निघालं आणि मिसबाहने मान हलवली, नम्रपणे, अगदी मी हलवायचे तशी. तिनेही ते खरं मानलं नव्हतं.

मग दोघींनी एकदमच मृणालीकडे पाहिलं. ती नळाजवळ ओले हात पुढे धरून उभी होती. मी तिच्यासमोर खाली बसले. "मृणाली, लगद्याला हात का लावत नाहीस तू? टीचर तर लाव म्हणतात." तिने माझ्याकडे पाहिलं, टीचरकडे पाहिलं, आणि हा प्रश्न खरा आहे की फसवा याचा अंदाज घेतला. मग तिने आधी तळवे दाखवले आणि मग हात उलटे केले. "तू बघतेस ना," ती म्हणाली. मिसबाहला काही कळलं नाही. मला कळलं. साबणाच्या तुकड्यांना दुसऱ्यांच्या हातांचा लगदा लागलेला, म्हणून ते नकोत. पाणी घरचं, कारण बाहेरचं पिऊ नकोस म्हणून बाटली मीच गळ्यात अडकवते. आणि दारात रोज परीक्षा, तीत नापास व्हायचं नाही. माझी मुलगी कोणाला टाळत नव्हती. तिला कोणी टाळलंही नव्हतं. तिला मी बाजूला बसवलं होतं, घरबसल्या. "आज नाही बघणार," मी म्हणाले, "लाव हात." ती हलली नाही. विश्वास बसायला काही कारणही नव्हतं. तेव्हा मी पर्स मिसबाहच्या हातात दिली, बाह्या वर केल्या आणि माझेच हात घमेल्यात घातले. लगदा थंडगार होता, मला वाटायचा त्यापेक्षा भरड, आणि बोटांमधून वर येत होता. इतके उन्हाळे मी त्याच्याशेजारी बसून काढले होते, पण तो हाताला कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. पोरं हसायला लागली. मिसबाहही हसली, पण तिने ओढणी तोंडाला लावली होती, म्हणून नक्की सांगता येत नाही. बऱ्याच वेळाने माझ्या हाताशेजारी एक बोट आलं, आत गेलं, चटकन बाहेर आलं, आणि मग पुन्हा गेलं.

आम्ही हात न धुता घरी निघालो. धुवू का, असं मृणालीने विचारलं होतं, मी नको म्हटलं. गल्लीत लगदा उन्हाने कातडीवर ताणायला लागला. ती हात अंगापासून लांब धरून चालत होती आणि दर चार पावलांवर माझ्या हातांकडे बघत होती. "आई," ती म्हणाली, "आता तुझे हात कोण बघणार?" "कोणी नाही," मी म्हटलं. मनात मी अजून हिशेब जुळवत होते, मिसबाहला पटलं असेल का, उद्या ती बशीतली गुलाबी वडी काढून ठेवेल का, की आज मी गेल्यावर हुस्नबानो तिला म्हणाली असेल, बघ, तोंडावर कशी गोड वागली. असेलही. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

दार मायने उघडलं. मृणाली सवयीने थांबली आणि हात पुढे केले. मायने ते धरले आणि तिच्या पद्धतीने तोंडाजवळ नेले, अगदी नाकापर्यंत, आणि मला पहिल्यांदा दिसलं की तिचे डोळे मिटलेले आहेत. "मेथ्यास्ना वास शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "लाऊ दिधा का हिले?" तिला ठाऊक होतं. बेबाबाई, कागद, टोपल्या, मी कधी न सांगितलेलं सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "माय, तू रोज मना हात कसाले देखे? धुवाले ना?" "धुवाले काय देखाना पडस?" माय म्हणाली. "वास येस का ते देखू मी. आज तरी बेबाबाईनी तुले हात लाऊ दिधा व्हई, म्हनीसन." एवढं बोलून तिने मृणालीचे हात सोडले आणि माझे मागितले. मी दिले. मृणाली आत जाऊन नळ सोडून उभी राहिली, पाणी वाहत होतं आणि ती मला हाका मारत होती. मायने माझे हात नाकाशी धरले होते आणि ती ते सोडत नव्हती.